कुलूप काढल्यानंतरचा हिशेब : डॉ. फ्रांको बाझालिया यांचं प्रकरण

नोव्हेंबर 1961. इटलीच्या ईशान्य टोकाला, युगोस्लाव्हियाच्या हद्दीला खेटून असलेलं गोरित्सिया हे छोटं शहर. तिथल्या मनोरुग्णालयात नवे संचालक रुजू झाले. सकाळी मुख्य परिचारकाने रिवाजाप्रमाणे वही पुढे केली. रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं याची ती नोंद, आणि तिच्याखाली संचालकांच्या सहीची जागा. साहेबांनी वही वाचली आणि आपल्या व्हेनिसच्या बोलीत म्हणाले, "मी सही करत नाही."

ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की सांगता सांगता तिला थोडी झिलई चढलीच असणार. तरी ज्याने सरकारी दफ्तरात चार वर्षं काढली आहेत त्याला तिच्यातली गोम लगेच कळेल. बाझालियांनी त्या सकाळी बांधण्यावर बंदी घालणारं परिपत्रक काढलं नाही. भाषण दिलं नाही. फक्त वरची सही काढून घेतली. सहीचा आधार गेला की खालच्या माणसाला पहिल्यांदा प्रश्न पडतो, मग हे मी कोणाच्या जिवावर करतोय?

हे प्रकरण सहसा 'वेड्यांच्या इस्पितळांची दारं उघडणारा डॉक्टर' असं सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. दारं त्यांच्याआधीही काहींनी उघडली होती. स्कॉटलंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्स यांचं तसंच काम चालू होतं आणि गोरित्सियाच्या मंडळींनी ते जाऊन पाहिलंही होतं. बाझालियांचं वेगळेपण दार उघडल्यानंतर जी देणी उभी राहिली, ती कोणाच्या नावावर टाकायची हे ठरवण्यात आहे. एकोणीस वर्षांत त्यांनी ते दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा फसले. दुसऱ्यांदा जमलं.

शिक्षेची बदली

बाझालियांचा जन्म 1924 चा, व्हेनिसमधल्या खात्यापित्या घरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फॅसिस्टविरोधी कामासाठी पकडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत काही महिने तुरुंगात होते. तिथला वास त्यांच्या डोक्यात बसला. पुढे मनोरुग्णालयात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा तोच वास आला, असं ते सांगत.

1949 ला पादुआहून डॉक्टर झाले. तिथल्याच क्लिनिकमध्ये बारा वर्षं काढली. वाचन हुसर्ल, हायडेगर, सार्त्र यांचं. वरिष्ठ त्यांना 'तत्त्वज्ञ' म्हणायचे, आणि वैद्यकशास्त्राच्या विभागात हे काही कौतुकाचं विशेषण नव्हे. विद्यापीठातली वाट पुढे बंद दिसायला लागली आणि गोरित्सियाची जागा आली. आपल्याकडे साहेब रागावले की 'गडचिरोली दाखवीन' म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्या काळी इटलीत विद्यापीठातला मानसोपचार आणि मनोरुग्णालयातला मानसोपचार या दोन जाती होत्या. वरच्या जातीतून खालच्या जातीत गेलेला माणूस परत येत नसे.

मनोरुग्णालयांवर तेव्हा 1904 चा कायदा लागू होता. जो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, किंवा ज्याच्यामुळे चारचौघांत शोभा होते, त्याला आत ठेवायचं. आजार आहे का, बरा होईल का, हे प्रश्न नंतरचे. दाखल झालेल्याचं नाव न्यायालयाच्या गुन्हेनोंदीत चढे. आतल्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी परिचारकांवर. कोणी पळालं, कोणी स्वतःला इजा केली, तर परिचारकावर बालंट. दोन परिचारकांच्या अंगावर पूर्ण वॉर्ड असताना रात्री बांधून ठेवणं हा क्रूरपणा कमी आणि स्वतःची नोकरी वाचवणं जास्त होतं. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. बाझालियांनी परिचारकांना खलनायक ठरवलं नाही, ते यामुळेच.

गोरित्सिया : चांगलं रुग्णालय

गोरित्सियात पाचशेच्या वर रुग्ण होते. पुढच्या सहा-सात वर्षांत एकेक वॉर्ड उघडत गेला. बांधणं थांबलं. आधी चट्ट्यापट्ट्याचा गणवेश, केस भादरलेले आणि जेवायला फक्त चमचा, काटा-सुरी नाही. आता स्वतःचे कपडे, खाटेशेजारी स्वतःचं छोटं कपाट. हे वाचताना किरकोळ वाटतं. पण ज्याच्याकडे पंधरा वर्षं स्वतःचा कंगवासुद्धा नव्हता, त्याला कपाटाची किल्ली मिळणं ही किरकोळ गोष्ट नाही.

सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो सभेचा. रोज सकाळी रुग्ण, परिचारक, डॉक्टर एका खोलीत खुर्च्या मांडून बसत. अध्यक्षपद रुग्णांकडे. विषय काय, तर सहल कुठे न्यायची, कॉफीचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, कामाचे पैसे कोणाला किती. कोणी मध्येच उठून जाई, कोणी तासभर एकच वाक्य बोलत राही. बाहेरून पाहायला आलेल्या विद्यार्थ्यांना ते क्रांतीसारखं वाटे. मला ते आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं वाटतं, आणि हे मी तुच्छतेने म्हणत नाही. पाण्याच्या टाकीवरून भांडायचा हक्क ज्याला आहे, तो सोसायटीचा सभासद असतो.

बाझालियांचा मुख्य विचार याच काळात तयार झाला. ते म्हणत, आजार काही काळ कंसात ठेवू. याचा अर्थ 'आजार नाहीच' असा अनेकांनी काढला, आजही काढतात. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. वीस वर्षं भिंतीआड राहिलेल्या माणसात जे दिसतं, ते गप्प बसणं, एकाच जागी डोलणं, कशाचीच इच्छा नसणं, त्यातलं आजाराचं किती आणि भिंतीचं किती हे भिंत असेपर्यंत कळणार नाही. म्हणून आजाराचं नाव जरा बाजूला ठेवा, आधी भिंतीचा भाग वजा करा, मग उरेल त्यावर उपचार करू. औषधं त्यांनी नाकारली नाहीत. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध येऊन तेव्हा दहा वर्षं होत होती आणि दारं उघडायला त्याची मदतच झाली. फक्त, गोळीने रुग्णाइतकीच डॉक्टरचीही घालमेल शांत होते, हे ते विसरू देत नसत.

1968 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेलं गोरित्सियावरचं पुस्तक आलं. ते साल युरोपात विद्यार्थ्यांच्या उठावाचं. पुस्तक धडाक्याने खपलं आणि बाझालिया एकदम प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या रुग्णाने बायकोचा खून केला.

इथे थांबून पाहायला हवं, कारण प्रकरणाचा सांधा हा आहे. बाझालियांवर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला. न्यायालयाने काही वर्षांनी त्यांना निर्दोष सोडलं. पण गावात जे व्हायचं ते त्याच आठवड्यात झालं. ज्या वहीवर त्यांनी सही नाकारली होती तिचा प्रश्न उलटा होऊन समोर आला. बांधण्याची जबाबदारी घेत नाही म्हणालात. मग सोडण्याची घेता का? आणि एकटे घेता का? सुट्टीच्या कागदावर सही डॉक्टरांची. घरी त्या माणसाची वाट पाहणारी बायको, तिच्याशी कोण बोललं होतं? शहरात त्याच्यावर लक्ष ठेवणारं, रात्री दार वाजवता येईल असं कोणी होतं? नव्हतं. रुग्णालय कितीही चांगलं झालं तरी फाटकाबाहेर काहीही उभं राहिलेलं नव्हतं.

प्रांतिक प्रशासन बाहेर केंद्रं काढायला तयार नव्हतं. बाझालियांनी गोरित्सिया सोडलं. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये, हे रुग्ण आता रुग्णालयात राहण्याजोगे आजारी नाहीत, जागा नाही म्हणून इथे आहेत, असं लिहून देऊन सामूहिक राजीनामे दिले. नैतिकदृष्ट्या तो फार उंच क्षण मानला जातो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुग्णांना चहा कोणी दिला?

त्रिएस्ते : झानेत्ती आणि तिजोरी

मधल्या काळात बाझालिया काही महिने न्यूयॉर्कला राहिले, मग पार्माजवळच्या कोलोर्नोला संचालक झाले. तिथेही प्रशासनाच्या चालढकलीत अडकले. ऑगस्ट 1971 मध्ये ते त्रिएस्तेला आले ते मिकेले झानेत्ती यांच्या बोलावण्यावरून.

झानेत्ती कोण? तिथल्या प्रांताचे अध्यक्ष. इटलीत मनोरुग्णालयं प्रांताच्या ताब्यात असत, तेव्हा आपल्या भाषेत जिल्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणा. वय तिशीचं. पक्ष ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हणजे बाझालियांच्या डाव्या मित्रांच्या दृष्टीने समोरच्या बाजूचा. नेमकं हेच उपयोगी पडलं. आपल्या विचारांचा पण सत्तेबाहेरचा मित्र, आणि वेगळ्या विचारांचा पण ठराव मंजूर करून घेऊ शकणारा अध्यक्ष, यांत बाझालियांनी दुसरा निवडला. गोरित्सियाने त्यांना एवढं शिकवलं होतं. नेमणुकीआधी मोकळा हात मागून घेतला आणि झानेत्तींनी तो दिला. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या डॉक्टरांनी या प्रकरणातून एकच पान वाचायचं ठरवलं तर मी त्यांना हे पान देईन.

त्रिएस्तेचं मनोरुग्णालय 1908 चं. सान जोव्हान्नी नावाच्या टेकडीवर झाडीत पसरलेल्या इमारती, आत चर्च, धोबीखाना, नाट्यगृह. एक बंदिस्त गावच. बाझालिया आले तेव्हा तिथे सुमारे 1,200 माणसं होती, बहुतेक सक्तीने ठेवलेली. पहिली कामं गोरित्सियासारखीच झाली. पण दोन गोष्टी नव्या केल्या, आणि दोन्ही कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या कारकुनी आहेत.

पहिली म्हणजे पगार. मनोरुग्णालयात रुग्ण काम करतच होते. फरशा पुसायच्या, कपडे धुवायचे, बागेत खणायचं. त्याला 'कार्योपचार' असं गोड नाव आणि मोबदला म्हणून सिगारेटी किंवा खाऊचे पैसे. त्रिएस्तेत 1972 मध्ये रुग्णांची सहकारी संस्था उभी केली. सुमारे 60 जण सभासद झाले. स्वयंपाकघर, वॉर्ड, बाग यांच्या सफाईचं कंत्राट प्रांताने या संस्थेला दिलं आणि वेतन कामगार संघटनेच्या दराने. काल ज्या फरशीवर उपचार म्हणून फडकं मारलं, आज त्याच फरशीवर तोच माणूस नोकरी म्हणून फडकं मारतो. बदललं काय? पगारपत्रकावर नाव आलं. सहकाराची पाळंमुळं आपल्या मातीत किती खोल आहेत ते पाहता मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, पण मनोरुग्णालयाच्या आत सहकारी सोसायटी ही कल्पना इटलीतही तेव्हा वकिलांना पचायला जड गेली. जो कायद्याने सज्ञान धरला जात नाही तो भागधारक कसा होणार? त्यांनी वाट काढली. अशा संस्थांना पुढे 1991 मध्ये इटलीत वेगळा कायदा मिळाला आणि आज त्या देशभर आहेत.

दुसरी गोष्ट 'पाहुणा'. 1968 च्या एका दुरुस्तीने स्वेच्छेने दाखल होण्याची सोय झाली होती आणि गुन्हेनोंदीत नाव चढणंही थांबलं होतं. त्रिएस्तेने आणखी एक पाऊल टाकलं. ज्यांना डिस्चार्ज देता येतो पण जायला घर नाही, त्यांना डिस्चार्ज द्यायचा आणि तिथेच पाहुणे म्हणून ठेवायचं. खोली तीच, कदाचित खाटही तीच. पण आता तो येऊ शकतो, जाऊ शकतो, मतदान करू शकतो, बँकेत खातं काढू शकतो. दप्तरात रकाना बदलला एवढंच. पण 'आजारी' आणि 'बेघर' हे दोन रकाने वेगळे झाल्याबरोबर प्रांताला दिसलं की आपण वर्षानुवर्षं घरांचा प्रश्न औषधांच्या खात्यातून चालवत होतो. मग पहिल्यांदा सदनिका भाड्याने घेतल्या गेल्या.

निळा घोडा

आता ती प्रसिद्ध गोष्ट, जी टाळता येत नाही.

रुग्णालयात मार्को नावाचा खराखुरा घोडा होता. मैल्या कपड्यांचा गाडा ओढायचा. 1972 मध्ये त्याच्या जागी मोटार घ्यायचं ठरलं आणि म्हाताऱ्या मार्कोची रवानगी खाटकाकडे होणार हे उघड झालं. रुग्णांनी झानेत्तींना पत्र लिहिलं, घोड्याच्या तोंडून: मी इतकी वर्षं इमानाने नोकरी केली, मला निवृत्ती द्या, माझी किंमत भरायला माणसं तयार आहेत. प्रांताने अर्ज मान्य केला. निवृत्तिवेतन मागणारा हा अर्ज खरं म्हणजे कोणाचा होता, हे वाचणाऱ्याला सांगायला नको.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नाटककार जुलियानो स्काबिया आणि बाझालियांचे चुलतभाऊ, शिल्पकार व्हित्तोरिओ बाझालिया, यांनी रिकाम्या झालेल्या एका वॉर्डात रुग्णांसोबत काम सुरू केलं. लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा, चार मीटर उंचीचा, निळ्या रंगाचा घोडा उभा राहिला. नाव मार्को कावाल्लो, म्हणजे 'घोडा मार्को'. त्याच्या पोटात रुग्णांनी आपापल्या इच्छा ठेवल्या. 25 फेब्रुवारी 1973, रविवार. घोडा शहरात न्यायचा ठरला आणि लक्षात आलं की तो दारातून मावत नाही. मोजमाप कोणी घेतलंच नव्हतं. बरीच खटपट झाली. शेवटी लोखंडी बाक उचलून दाराची चौकट फोडली. बाक धरणाऱ्यांत संचालक स्वतः होते. मग शेकडो रुग्ण, परिचारक, डॉक्टर घोड्यामागून त्रिएस्तेच्या रस्त्यांवर उतरले.

घोडा फार देखणा होता आणि वर्तमानपत्रांना तेच हवं होतं. पण मिरवणूक संपल्यावर बहुतेक जण त्याच टेकडीवर परत आले. झोपायला दुसरी जागा नव्हती. घोड्याच्या मिरवणुकीपेक्षा त्याच्या निवृत्तीचा अर्ज मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्जावर निर्णय झाला होता.

पलंग टेकडीवरून खाली

1972 मध्ये त्रिएस्तेतही घरी सोडलेल्या एका रुग्णाने आईवडिलांचा जीव घेतला. पुन्हा खटला, पुन्हा बाझालिया निर्दोष. फरक असा की या वेळी काम थांबलं नाही. झानेत्ती मागे उभे राहिले. आणि 1975 पासून ती गोष्ट उभी राहू लागली जिच्याअभावी गोरित्सिया कोसळलं होतं: शहराच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्य केंद्रं.

ही केंद्रं म्हणजे संध्याकाळी पाचला टाळं लागणारा बाह्यरुग्ण विभाग नव्हे. साधं घर, आत स्वयंपाकघर, मोजक्या खाटा, चोवीस तास माणूस. शहराचे भाग पाडलेले; आपल्या भागातला माणूस आपला, मग तो कितीही त्रासदायक असो. 'ही केस आमच्यात बसत नाही' म्हणून पुढे ढकलायची सोय नाही. कर्मचारी टेकडीवरचेच. रुग्णालयाचा वॉर्ड बंद झाला की तिथले परिचारक केंद्रावर. कोणाची नोकरी गेली नाही, म्हणून संघटनांचा विरोध हळूहळू मावळला. ज्या परिचारकाचं काम कालपर्यंत किल्ल्या सांभाळणं होतं, तो आता एखाद्या बाईंच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत बाजारहाट करू लागला. अनेकांना ते आवडलं नाही. किल्लीत एक सुरक्षितता असते. शेजारणीच्या तक्रारी ऐकून घेण्यात ती नसते.

जानेवारी 1977 मध्ये झानेत्ती आणि बाझालिया यांनी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की मनोरुग्णालय बंद करणार. हे शब्द उच्चारता आले, कारण तोपर्यंत पलंग खाली शहरात उतरले होते. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पर्याय, मग घोषणा.

कायदा उलट क्रमाने आला

देशाच्या पातळीवर मात्र घोषणा आधी झाली. 1904 च्या कायद्यातली कलमं रद्द करावीत म्हणून रॅडिकल पक्षाने सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या होत्या. सार्वमत झालं असतं तर एक तर जुना कायदा लोकमताची मोहर घेऊन टिकला असता, नाही तर मागे नुसती पोकळी उरली असती. सरकारला दोन्ही नको होतं. 1978 चा मे महिना इटलीसाठी भयंकर होता. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह 9 मे रोजी रोममध्ये सापडला. त्यानंतर चारच दिवसांनी, 13 मे रोजी, कायदा क्रमांक 180 मंजूर झाला, तोही संसदीय समित्यांच्या पातळीवर, पूर्ण सभागृहात चर्चा न होता. आरोग्यमंत्री तीना आन्सेल्मी होत्या. मसुद्यामागचे मुख्य हात ब्रुनो ओर्सिनी यांचे, जे ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार आणि स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते. लोकांनी त्याला नाव दिलं बाझालिया कायदा.

नवीन मनोरुग्णालयं बांधायची नाहीत. जुन्यांत नवे रुग्ण घ्यायचे नाहीत. सक्तीचा उपचार लागलाच तर दोन डॉक्टरांचं मत, महापौरांचा आदेश आणि 48 तासांत कागद न्यायाधीशापुढे. मुदत सात दिवस, पुढे वाढवायची तर पुन्हा कारण द्या. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराच्या जास्तीत जास्त 15 खाटा. 'धोकादायक' हा शब्द गेला. सक्तीचा आधार उपचाराची गरज हा झाला.

बाझालिया हुरळले नाहीत. हा सार्वमत टाळण्यासाठी घाईत केलेला, तडजोडींचा कायदा आहे, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं. त्यांची भीती खरी ठरली. कायद्यात काय बंद करायचं ते स्पष्ट होतं. काय उघडायचं, किती, कोणाच्या पैशातून, हे मोघम होतं. तेव्हा इटलीच्या मनोरुग्णालयांत पाऊण लाखाच्या वर माणसं होती. जिथे झानेत्ती होते तिथे केंद्रं झाली. जिथे नव्हते, विशेषतः दक्षिणेत, तिथे नवा रुग्ण आत घेता येत नाही आणि बाहेर त्याच्यासाठी काही नाही, अशा कोंडीत घरची माणसं सापडली. ऐंशीच्या दशकात नातेवाइकांच्या संघटना कायद्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांना प्रतिगामी म्हणणं सोपं होतं. रात्री तीन वाजता तरण्याताठ्या मुलाला आवरत बसलेल्या आईला कायदा 180 वाचून दाखवून काय उपयोग?

आपल्याकडे अजूनही थट्टेत 'ठाण्याला पाठवा', 'येरवडा गाठा' म्हणतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं चालू आहेत. 2017 च्या आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार साखळीने बांधायला बंदी आहे. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्या कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असंही त्यात लिहिलं आहे. म्हणजे त्रिएस्तेचा 'पाहुणा' हा प्रश्न आपल्या कायद्याने तत्त्वतः सोडवला आहे. सदनिका भाड्याने घेण्याचा भाग शिल्लक आहे. 'बरा झाला, पण नेणारं कोणी नाही' हे वाक्य या चार रुग्णालयांत काम केलेल्या कोणालाही नवीन नाही.

शेवटचा टप्पा

1979 मध्ये बाझालिया दोनदा ब्राझीलला गेले. मिनास जेराइस राज्यातलं बार्बासेनाचं मनोरुग्णालय पाहून त्यांनी त्याची तुलना छळछावणीशी केली आणि तिथल्या सुधारणा चळवळीला त्यातून जोर मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते रोमला गेले, लात्सिओ प्रदेशाच्या मानसिक आरोग्य सेवांची घडी बसवायला. त्रिएस्तेची जबाबदारी त्यांनी फ्रांको रोतेल्ली या सहकाऱ्याकडे दिली होती. रोममध्ये त्यांना वेळच मिळाला नाही. मेंदूत गाठ निघाली. 29 ऑगस्ट 1980 रोजी व्हेनिसमध्ये गेले, वय 56. त्रिएस्तेच्या प्रांताने मनोरुग्णालयाचं काम संपल्याचा ठराव केला तो याच वर्षी.

पुढचं काम ज्यांनी ओढलं त्यात त्यांच्या पत्नी फ्रांका ओंगारो यांचं नाव मागे पडतं, ते पडायला नको. पुस्तकांत त्यांचा हात नवऱ्याइतकाच होता. बाझालियांचं बरंचसं लिखाण दोघांनी मिळून केलेलं आहे. 1983 पासून त्या इटलीच्या सेनेटवर होत्या आणि कायदा 180 मध्ये जे लिहायचं राहिलं होतं, किती केंद्रं, किती माणसं, कोणते पैसे, ते लिहून घेण्यासाठी झगडत राहिल्या. जुनी मनोरुग्णालयं खऱ्या अर्थाने रिकामी व्हायला नव्वदच्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे कायद्यानंतर वीस वर्षं.

त्रिएस्तेत पुढे चार केंद्रं चोवीस तास चालू राहिली आणि प्रत्येकात मोजक्या खाटा होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने तिथल्या मानसिक आरोग्य सेवेला आपलं सहयोगी केंद्र मानलं. टेकडीवर आता विद्यापीठाचे विभाग आहेत, शाळा आहे आणि गुलाबांची मोठी बाग आहे.

एक दालन तरीही कायद्याबाहेर राहिलं होतं: गुन्हा केलेल्या मनोरुग्णांची न्यायिक मनोरुग्णालयं. 1978 च्या कायद्याने त्यांना हात लावला नव्हता, कारण ती तुरुंग खात्याकडे होती. नोव्हेंबर 2013 मध्ये निळा घोडा पुन्हा बाहेर काढला गेला आणि ट्रकवर चढवून देशभर या रुग्णालयांच्या फाटकांसमोर नेऊन उभा करण्यात आला. 2014 मध्ये ती बंद करण्याचा कायदा झाला, मुदत मार्च 2015 ची ठरली. शेवटचा रुग्ण बाहेर पडला 2017 मध्ये.